काळाच आहे, मास्तर

सिस्टरनं पहिल्यांदा थाप मारली तेव्हा तिला वाटलं होतं, एका सुईपुरतं आहे, खपून जाईल. पण थापेचं कसं असतं, एकदा घरात घेतली की ती बाडबिस्तरा घेऊनच येते.

पुलाखाली तिसऱ्या खांबाशी मास्तर राहत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले. मग दुकान गेलं, पाठोपाठ खोली गेली, आणि आता नजरही जायला निघाली होती. डावा डोळा तर तरुणपणीच कात्रीचं टोक लागून गेलेला. राहिला उजवा, आणि त्यात मोतीबिंदू असा पिकलेला, की समोर खांब आहे की माणूस हे तो बोलायला लागल्याशिवाय कळायचं नाही. हात मात्र शाबूत. पुलाखालच्या पंधरा-वीस जणांचे कोट, पँटी, पिशव्या, ताडपत्र्या मास्तर नुसतं चाचपून शिवत. सुईत दोरा तेवढा दुसऱ्या कुणी ओवून द्यावा लागे. ते काम कसं कोण जाणे, सिस्टरच्या गळ्यात पडलं होतं.

सिस्टर एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यातली नर्स. फिरता दवाखाना हे आपलं कागदावरचं नाव. गाडीबिडी काही नाही. पाठीवर औषधांची सॅक, हातात घडीचं स्टूल, दोन कुरकुरणारे गुडघे, आणि बरोबर डॉक्टरीणबाई, ज्या सिस्टरला मनातून जरा टरकून असत. आठवड्यातून तीन सकाळी दोघी पुलाखाली यायच्या. सिस्टर स्टूल उघडून त्यावर पेशंटला बसवायची, स्वतः खाली फरशीवर बसायची आणि म्हणायची, "पाय दाखवा." तब्येत कशी आहे हे ती कधीच विचारत नसे. विचारलं की माणूस "बरी आहे" म्हणून मोकळा होतो. पायांना तेवढं गोड बोलता येत नाही. भेगा, फोड, सूज, बुटात साचलेलं पाणी, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

सगळ्यांचे पाय झाले, ड्रेसिंग झालं, गोळ्या वाटून झाल्या, की शेवटी मास्तरांच्या बारा सुया ओवून त्या जुन्या स्पंजात खोचून ठेवायच्या. मग जायचं.

तर झालं असं, की ऐन थंडीत काळ्या दोऱ्याचं रीळ संपलं. कुणीतरी भल्या माणसानं संस्थेला रिळांचा डबा दिला होता, तो सिस्टरनं मोठ्या उत्साहानं आणला. उघडून बघते तर काय! बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या कपड्यांचे दोरे. पोपटी, राणी, नारिंगी, एक तर चक्क चमचमणारं चंदेरी. काळ्याचा मागमूस नाही.

"काळा आहे ना?" मास्तरांनी विचारलं. "रंग जुळत नसेल तर मी टाका घालणार नाही. गरिबाच्या कोटाला रंगीत दोरा लावायचा म्हणजे त्याचा तमाशा करायचा. ते पाप माझ्या हातून व्हायचं नाही."

शेजारी ज्याचा कोट होता तो माणूस नुसत्या बनियनवर कुडकुडत बसला होता. त्याचे दात वाजत होते. सिस्टरनं त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, पोपटी रीळ उचललं आणि म्हणाली, "काळाच आहे, मास्तर."

थापेची लाज तिला नव्हती असं नाही. शुक्रवारी तिनं स्वतः दुकानात जाऊन खराखुरा काळा दोरा आणला. मास्तरांनी तो बोटांत धरला, ओढला, तोंड वाकडं केलं. "हा कसला दोरा! नुसता कापूस. परवाचा काळा द्या. काय मुलायम होता, वा!"

झालं. तेव्हापासून सगळा पूल त्या थापेत सामील. कुणाच्या काळ्या कोटाला पोपटी ठिगळ, कुणाच्या खाकी पँटीला नारिंगी टीप. खुद्द सिस्टरच्या पांढऱ्या कोटाचा खिसा फाटला होता, तो राणी रंगात शिवून निघाला. "पांढराच वापरला ना?" "पांढराशुभ्र, मास्तर." घरी नवऱ्यानं तो खिसा पाहिला आणि तीन दिवस तो एकटाच हसत होता. पण शिवण कशी म्हणाल तर एक टाका इकडचा तिकडे नाही. त्यामुळे लोकांनी रंगाकडे डोळेझाक केली आणि मजेत कोट मिरवले.

मास्तरांच्या जवळची माणसं तीन. एक मावशी, पस्तिशीची, सिग्नलवर फुलं विकायची आणि भल्याभल्यांना दमात घ्यायची, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. दुसरा जावई. कामाला हात लावायचा नाही आणि चहा आयता हवा, म्हणून जावई. पहिल्यांदा पोपटी दोरा लागला तो ह्याच्याच कोटाला. तिसरे सासूबाई. छातीपर्यंत दाढी असलेला साठीचा गडी, पण जगात कुठल्याही गोष्टीत खोट काढणार, डॉक्टरीणबाईंच्या स्टेथोस्कोप धरण्यातसुद्धा. त्यांची खरी नावं काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि सिस्टरनं कधी खोदून विचारलं नाही. जे नाव माणूस देईल ते ती कार्डावर लिहायची.

आता मुद्द्याचं. मास्तरांचं डोळ्याचं ऑपरेशन दोनदा हुकलं होतं. पहिल्यांदा तारखेचं पत्र "पुलाखाली, तिसरा खांब" ह्या पत्त्यावर काही पोचलं नाही. दुसऱ्यांदा मास्तर वेळेवर गेले, पण काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नातेवाईक कोण?" आणि मास्तर ताठ मानेनं म्हणाले, "मला कोणी नाही." बाईंनी कागद परत दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तिसरी तारीख गुरुवारची आहे, ती चुकली तर नाव यादीतून जाईल, आणि आणखी महिना-दोन महिने गेले तर ऑपरेशन करूनही नजर येईल ह्याची हमी नाही. एकच डोळा, आणि एकच गुरुवार.

सिस्टरनं कंबर कसली. संस्थेची चार कॉटांची एक खोली होती, आजारपणातून उठणाऱ्यांसाठी. तिथली एक कॉट तिनं भांडून मिळवली. राहिला प्रश्न बरोबर येणाऱ्या माणसाचा. तिला स्वतःला सही करता येत नव्हती, संस्थेचा नियमच तसा. म्हणून तिनं मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "बघू." जावयाला विचारलं. तोही म्हणाला, "बघू." सासूबाई म्हणाले, "त्या हॉस्पिटलचा चहा पाणचट असतो." सिस्टरचा अनुभव दांडगा. तीन "बघू" मधून एखादा जरी उगवला तरी नशीब. तिनं बुधवारी घाईघाईत हॉस्पिटलला चिठ्ठी पाठवली, "रुग्णासोबत येणार: मावशी, जावई, सासूबाई."

आणि गुरुवारी सकाळी आठला तिघंही हजर. तोंडं धुऊन, केस विंचरून. सासूबाईंनी दाढीसुद्धा विंचरली होती.

मास्तरांना बाकावर बसवून सिस्टर काउंटरपाशी गेली. बाई तिथल्या जुन्या. चष्मा नाकाच्या टोकावर, स्वेटरच्या बाहीचं एक बटण लोंबतंय, समोर चिठ्ठी.

"पेशंट अविवाहित," बाईंनी वाचलं.

"हो."

"मग जावई कुठून आला?"

"मी इथंच होतो," जावई मागून म्हणाला, "जरा पाणी प्यायला गेलो होतो."

बाईंनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. "तुम्ही यांचे जावई?"

"मी सगळ्यांचाच."

"बरं. आणि मावशी कुठायत? पेशंट सत्तरचे, म्हणजे मावशी नव्वदच्या असतील. त्यांना कशाला त्रास दिला?"

"नव्वदची असेल तुमची मावशी!" मावशी कडाडली. "मी अजून पस्तीसची नाही झाले."

बाईंनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागं काही खुलासा आहे का म्हणून. नव्हता. "आणि सासूबाई? त्या तरी आल्यात का?"

"केव्हाचा आलोय," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि दाढीवरून हात फिरवत पुढं झाले. "आणि आल्यापासून बघतोय. ह्या बाकांच्या खाली कुणी झाडू मारतं का नाही?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला. आपण काय लिहून बसलो ते तिला आत्ता कळत होतं. तिनं भराभर सगळं सांगून टाकलं, की ही टोपणनावं आहेत, चूक माझी आहे, पण माणसं खरी आहेत.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, मला काही हौस नाही अडवायची. मागच्या वर्षी एकाला असंच सोडलं. ऑपरेशन छान झालं, आणि माणूस डोळ्यावर पट्टी घेऊन तसाच रस्त्यावर. चौथ्या दिवशी डोळ्यात पू. आठवतो?"

सिस्टरला आठवत होता. त्याचे पाय ती अजून बघायची, आणि आता काठी धरून त्याला स्टूलपर्यंत आणायलाही तीच लागायची. "ह्या वेळी कॉट मिळवलीय," ती म्हणाली.

"कॉट काही थेंब घालत नाही. म्हणून विचारते," बाई म्हणाल्या आणि वाकून मास्तरांकडे वळल्या. "आजोबा, हे तिघं तुमचे कोण लागतात?"

सिस्टरनं मनातल्या मनात हात जोडले. मास्तर, आज एकदा खोटं बोला. एकदाच. चुलत म्हणा, मावस म्हणा, मानलेले म्हणा, काहीही म्हणा.

"कोणी लागत नाहीत," मास्तर म्हणाले. "खोटं लिहू नका."

संपलं! सिस्टरला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला उचलून आपटावं आणि मग स्वतः रडत बसावं. मावशीनं तोंड फिरवलं. जावई बुटांकडे बघायला लागला. सासूबाईंना सुद्धा कशातच खोट काढायचं सुचलं नाही.

"लागत नाहीत," बाई हळू म्हणाल्या. "पण ओळखता तरी का? दिसत तर काहीच नाही तुम्हाला."

"ओळखत नाही म्हणजे?" मास्तर एकदम बाकावरून उठले. त्यांना राग आला होता. त्यांनी हात पुढं केला, तो जावयाच्या बाहीला लागला. बोटं कोपरापर्यंत सरकली. "हा घ्या. डाव्या कोपराला ठिगळ, दुहेरी टीप. हा थंडीत बनियनवर बसला होता. हा आळशी आहे, पण मला रोज रस्ता ओलांडून नळावर नेतो." हात मावशीकडे गेला, शालीच्या काठावर थांबला. "ही शाल. हिला गोट मी घातला. माझ्या तापात हिनं तीन रात्री ही माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः पोतं पांघरलं. तिला वाटतं मला कळलं नाही. आणि ही दाढीखालची कॉलर, हा रोज माझ्या भाकऱ्या मऊ नाहीत म्हणून भांडून दुसऱ्या आणतो." मास्तरांचा श्वास जरा फुलला. "ही माझी शिवण आहे बाई. काळ्या कापडावर काळा दोरा. जवळ येऊन बघा, दिसणार नाही इतका मिसळलाय."

बाई काउंटरवरून पुढं झुकल्या. काळ्या कोटावर पोपटी दोरा लखलखत होता. काळ्या शालीला नारिंगी गोट. आणि सासूबाईंच्या काळ्या कॉलरला चंदेरी. बाईंनी तोंड उघडलं.

सिस्टर मास्तरांच्या मागं उभी होती. तिनं दोन्ही हात जोडले, डोळे मोठे केले, मान जोरजोरात हलवली. तिच्या खिशाची राणी रंगाची शिवण बाईंच्या अगदी समोर होती. बाईंनी ती पाहिली. तिघांचे कपडे पुन्हा पाहिले. मग सिस्टरचा चेहरा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काळाच आहे, मास्तर," बाई म्हणाल्या. "शोधून सापडत नाही."

मास्तर समाधानानं खाली बसले.

बाई फॉर्म तोंडाजवळ धरून वाचायला लागल्या. फॉर्म थरथरत होता, बाई हसतायत की काय ते कळत नव्हतं. "नातेवाईक," त्यांनी वाचलं, "किंवा जबाबदार व्यक्ती. अगं बाई! हे 'किंवा' इतकी वर्षं इथंच होतं का?" त्यांनी तिघांसमोर पेन ठेवलं. "दिवसातून सहा वेळा थेंब. हात धुऊन. कोण घालणार?"

"दुपारचे दोन माझे," मावशी म्हणाली, "फुलं संपली की मी मोकळीच."

"सकाळचे मी," सासूबाई म्हणाले. "ह्या दोघांना बाटली धरता येणार नाही धड."

"मग उरलेले माझ्याच गळ्यात की," जावई म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून काम अंगावर घेतलं होतं. बाकीचे दोघं त्याच्याकडे बघतच राहिले.

ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण सिस्टरला रात्री झोप येईना. डोळा उघडेल ह्याचा आनंद होता, आणि डोळा उघडेल ह्याचीच धास्ती. नवरा म्हणाला, "पांढरा दुसरा कोट घालून जा की." तिनं दुसरा कोट काढला, इस्त्री केली, आणि सकाळी राणी खिशाचाच घालून निघाली. आता लपवाछपवी पुरे.

पट्टी सोडायला खोलीत तिघंही होते. काउंटरवरच्या बाई "सहज" म्हणून डोकावल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला. मास्तरांनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी आधी खिडकी पाहिली, मग स्वतःचे हात, पुढून आणि मागून. मग समोरच्या बाईकडे बघितलं.

"सिस्टर?"

"मीच."

"आवाजावरून वाटायचं तुम्ही चांगल्या उंच असाल."

"झिजले मास्तर, तुमच्या सुया ओवून ओवून." सिस्टर मोठ्यानं खाकरली.

मास्तर हसले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आली, खिशावर थांबली. हसू गेलं. त्यांनी मान पुढं काढली. मग जावयाचं कोपर पाहिलं. मग शालीचा काठ. मग चंदेरी कॉलर.

"हा कुठला रंग?" मास्तरांनी जावयाच्या कोपराकडे बोट दाखवलं.

"काळा," जावई सवयीनं म्हणाला.

मावशीनं त्याला चिमटा काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"पोपटी!" मास्तर ओरडले. "अरे, हा पोपटी! आणि तो राणी! आणि हे काय, चंदेरी? अरे माझ्या हातची शिवण, आणि असलं सोंग घालून तुम्ही हिंडलात? कुठं कुठं हिंडलात?"

"गावभर," मावशी म्हणाली. "आणि एक टाका उसवला नाही."

"लोक हसले असतील!"

"हसले ना," सासूबाई म्हणाले. "परवा एकानं मला विचारलं, कुठल्या नाटकात आहात. मी म्हटलं, आधी तुझी कॉलर सरळ कर, मग मला विचार."

"आणि तुम्ही!" मास्तर दाराकडे वळले. मघाचा "सहज" म्हणणारा आवाज त्यांनी बरोबर हेरला होता. "तुम्ही काउंटरवरच्या बाई ना? तुम्हीसुद्धा?"

"मला काळाच दिसला," बाई शांतपणे म्हणाल्या आणि हातातला घरी सोडण्याचा फॉर्म पुढं केला. "ओरडू नका, डोळ्याला ताण येतो. आधी सांगा, इथून कोणाबरोबर जाणार? आज नीट दिसतंय, आज नीट बघून सांगा. हे तिघं कोण तुमचे?"

मास्तर बघत राहिले. दाढीवाल्या सासूबाईंकडे, डोळे पुसणाऱ्या मावशीकडे, कोपर पाठीमागं लपवणाऱ्या जावयाकडे. महिनोन्महिने रोज ऐकलेले आवाज, आणि चेहरे आज पहिल्यांदा. त्यांचा राग हळूहळू उतरत गेला, तो उतरताना सगळ्यांना दिसला.

"घरचे," मास्तर म्हणाले. "लिहा, घरचे. परकं कोणी असतं तर पहिल्याच दिवशी खरं सांगून मोकळं झालं असतं."

बाईंनी लिहिलं. लिहिताना त्यांच्या बाहीचं बटण फॉर्मवर टकटक आपटत होतं. मास्तरांचं लक्ष गेल्याशिवाय थोडंच राहणार!

"बटण लोंबतंय तुमचं. आठवडाभर सुई धरायची बंदी आहे, मग लावून देतो. पण स्वेटर करडा आहे, तेव्हा करडाच दोरा आणा. आणि आणल्यावर मी स्वतः बघून घेणार. तुमच्यातल्या कोणाचाच भरवसा नाही आता."

"करडा कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी सिस्टरच्या खिशाकडे बोट केलं. "तो राणी शिल्लक असेल का?"

सिस्टरनं सॅक खाली ठेवली, तळातून डबा काढला आणि झाकण उघडून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी एकेक रीळ उचलून उजेडात धरलं.

"दोरा मात्र खरंच मुलायम आहे हो," ते म्हणाले आणि राणी रंगाचं रीळ त्यांनी बाजूला काढून ठेवलं.